इकडे झेपत नाही, तिकडे वाया जाईल : हुशार ऑटिस्टिक मुलाची शाळा

प्रश्न : आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, पुण्यात सिंहगड रोडवरच्या एका सीबीएसई शाळेत चौथीत. पाचव्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. वाचन सातवी-आठवीच्या मुलासारखं. पावसाळ्यात खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चारही धरणांचा साठा आणि विसर्ग रोज वहीत उतरवतो. पण वर्गात कानावर हात ठेवून बसतो, महिन्यातून दोन-तीनदा वर्गाबाहेर पळतो आणि घरी आला की तासभर रडारड. शाळा म्हणते, ‘विशेष शाळा बघा.’ आम्ही दोन पाहिल्या. तिथल्या बाई म्हणाल्या, ‘हा इथे वाया जाईल.’ बुद्ध्यंक १०४ आला, म्हणजे सरासरीच. मग तो हुशार आहे हा आमचा भ्रम आहे का? नणंद इंग्लंडमध्ये असते, ती सांगते की तिकडे अशा मुलांच्या वेगळ्या शाळा आहेत. आपल्याकडे अशी शाळा कुठे मिळेल?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याच्या मागे लागून पालकांचं एखादं वर्ष सहज जातं. तल्लख बुद्धीच्या ऑटिस्टिक मुलांसाठीच काढलेली, बोर्डाचा पूर्ण अभ्यासक्रम शिकवणारी, डोळे मिटून पाठवावं अशी विशेष शाळा मला महाराष्ट्रात अजून सापडलेली नाही. विशेष शिक्षिका म्हणून माझी तेवीस वर्षं या कामात गेली. तुम्हाला दोन्हीकडे जे सांगितलं गेलं ते दुर्दैवाने दोन्ही खरं आहे.

आपल्याकडच्या विशेष शाळा प्रवर्गानुसार उभ्या राहिल्या : अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग आणि मतिमंद. (हा शेवटचा शब्द कागदावरून गेला, तिथे ‘बौद्धिक अक्षम’ आलं, पाट्यांवर तो अजून दिसतो.) १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या यादीत ऑटिझम नव्हताच. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात त्याचं नाव आलं आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तो स्वतंत्रपणे बसला. ऑटिझमसाठीच काम करणाऱ्या संस्था आहेत, पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर आहे, दिल्लीत १९९१ पासून अॅक्शन फॉर ऑटिझम आहे. मार्गदर्शनाला, पालकांच्या गटात बसायला अशा ठिकाणी जरूर जा. पण एकूण विशेष शाळांचा दिवस बोलणं, स्वतःचं स्वतः करणं, हाताला काम शिकणं याभोवती आखलेला असतो. तुमचा मुलगा तिथे शांत बसेलही. फक्त त्याच्या डोक्याला खाऊ मिळणार नाही, आणि उपाशी डोक्याचा मुलगा वर्षभरात वेगळे उद्योग सुरू करतो.

नणंदेचं म्हणणं बरोबर आहे. लंडनच्या ईलिंग भागात १९६० च्या दशकातच पालकांच्या पुढाकाराने ऑटिस्टिक मुलांची शाळा सुरू झाली. आज तिकडे अशा बऱ्याच आहेत आणि काही शाळा मुलांना तिथल्या दहावीसारख्या जीसीएसई परीक्षेपर्यंत नेतात. पण तिथेही विशेष शाळेत जागा मिळवायची तर सहसा मुलाच्या गरजांचा कायदेशीर आराखडा आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्यासाठी कित्येक पालक न्यायाधिकरणापर्यंत भांडतात. नणंदेला हेही विचारून बघा.

आता तो १०४ चा आकडा. तुम्ही जोडलेला अहवाल मॅलिनच्या बुद्धिमापन चाचणीचा आहे. आपल्याकडे ती सर्रास वापरतात. पहिल्या पानावरची बेरीज सोडा, दुसरं पान उघडा. ‘माहिती’ या उपचाचणीत १३५, ‘शब्दसंग्रह’ १३१ आणि ‘कोडिंग’मध्ये ७१. कोडिंग म्हणजे वरचं चिन्ह बघून खाली भराभर उतरवायचं. त्यात हात, डोळे आणि वेग एकत्र लागतात. या आणि बाकीच्या उपचाचण्यांची सरासरी काढून १०४ आलेत. हे तुमच्या मुलाच्याच भाषेत सांगते. टेमघर ३.७१ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी), वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, खडकवासला १.९७; सगळं मिळून २९.१५. उद्या टेमघर पार कोरडं पडलं आणि बाकीची तिन्ही काठोकाठ भरली, तरी पेपरात ‘प्रकल्पात ८७ टक्के साठा’ असंच छापून येईल. मुठा खोऱ्याला ते पुरेसं आहे, टेमघरच्या काठावर राहणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

म्हणजे १३५ हाही तोच आणि ७१ हाही तोच. बाई तोंडी विचारतात तेव्हा तो १३५ असतो, फळ्यावरचं उतरवायला सांगतात तेव्हा ७१. त्यावरून ‘येतं सगळं, करत नाही, आळशी आहे’ असा शेरा डायरीत आला असेल. (आलाय ना?) शिवाय शब्द आणि वेग यांवर बेतलेल्या चाचण्या ऑटिस्टिक मुलांना बऱ्याचदा कमी लेखतात. मिशेल डॉसन आणि लॉरां मॉट्रॉन या संशोधकांच्या गटाने २००७ साली कॅनडात दाखवून दिलं की तीच ऑटिस्टिक मुलं वेक्स्लरच्या नेहमीच्या बुद्ध्यंक चाचणीपेक्षा रेव्हनच्या आकृत्यांच्या चाचणीत सरासरी तीस पर्सेंटाइलने वर जातात. रेव्हन आपल्याकडे सहज होते, खर्चही फार नाही. करून घ्या. त्याचबरोबर सामाजिक परिपक्वतेची चाचणीही हवी, कारण शाळेला समजवायचं आहे ते हेच : हा मुलगा क्युसेकचं (सेकंदाला किती घनफूट पाणी सुटतं त्याचं) टीएमसी करतो आणि तहान लागली हे त्याला स्वतःला दुपारी दोनपर्यंत कळत नाही.

शाळा शोधताना पालक इमारत, बोर्ड, निकाल आणि ‘तुम्ही ऑटिस्टिक मुलं घेता का?’ या प्रश्नापासून सुरुवात करतात. त्या प्रश्नाला हो म्हणणारी शाळाही फसवी निघू शकते. माझी स्वतःची चूक सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका मुलासाठी मी एक शाळा सुचवली, ती तिथल्या सेन्सरी रूमवर भाळून. झुला, गाद्या, मंद दिवे, सगळं होतं. सहा महिन्यांनी न सांगता गेले. त्या खोलीला कुलूप होतं. शिपायाने उघडून दाखवली, तर आत स्नेहसंमेलनाचे पुठ्ठ्याचे बुरूज छतापर्यंत रचलेले. मुलगा मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बाकावर, भिंतीकडे तोंड करून. तेव्हापासून मी खोल्या बघत नाही, मधली सुट्टी बघते.

घंटेच्या दहा मिनिटं आधी पोचायचं. घंटा विजेची आहे की पितळी टोल, हे ऐकायचं. विजेची असेल तर ती वर्गाच्या दारावरच आहे का, हे बघायचं. मग चारशे स्टीलचे डबे एकदम उघडतात. जिन्यात रेटारेटी, नळावर रांग, कुणीतरी कुणाचा तरी डबा पळवतो. तासाला बाई असतात, नियम असतात, पुढे काय होणार ते फळ्यावर असतं. सुट्टीच्या त्या वीस-पंचवीस मिनिटांत यातलं काही नसतं, आणि ऑटिस्टिक मुलाची शाळा बहुतेक वेळा तिथेच मोडते. गणितात नाही मोडत. जिन्याखाली, वाचनालयाच्या दाराशी, झाडाच्या पारावर एकटी मुलं दिसतात का, आणि दिसली तर मोठं माणूस त्यांच्याशी काय करतं, हे बघा. एका जुन्या शाळेत सेविका मावशी एका मुलीला म्हणाल्या, ‘जा गं, तुझी जागा झाडून ठेवलीय.’ ती जागा म्हणजे प्रयोगशाळेमागचा कट्टा. त्या शाळेत रिसोर्स रूम, म्हणजे अशा मुलांसाठीची वेगळी मदतीची खोली, नव्हती. पण मावशींना ठाऊक होतं, त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि त्या मुलीला तिथे जायला परवानगी मागावी लागत नव्हती. मुलगी तिथूनच दहावी झाली.

स्वच्छतागृह बघा. वास, ओली फरशी, न लागणारी कडी, यापायी सात तास लघवी रोखून धरणारी मुलं मी पाहिली आहेत. दुपारच्या चिडचिडीचं ते मोठं कारण असतं आणि ते कुणी विचारतच नाही. जमलं तर व्हॅनवाल्या काकांचीही गाठ घ्या.

बोलायला बसाल तेव्हा घडून गेलेल्याविषयी विचारा. ‘तुमच्याकडचं एखादं मूल शेवटचं कधी वर्गातून पळालं? मग तुम्ही काय केलंत?’ जी शाळा म्हणते ‘आमच्याकडे असं होत नाही’, तिथून चहा पिऊन उठा. जी शाळा हसते आणि सांगते, ‘हो ना, परवाच गेटपर्यंत गेला होता, आता वॉचमनकडे त्याच्यासाठी पत्त्यांचा कॅट ठेवलाय,’ तिथे खुर्ची पुढे ओढा. विशेष शिक्षिका असेल तर तिचा भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक विचारा. त्यात संकोचासारखं काही नाही. ती किती मुलांना बघते हेही विचारा. रजनीश कुमार पांडे खटल्यात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे प्रमाण ठरवायचा आदेश दिला आणि २०२२ साली केंद्र सरकारने प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरामागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण जाहीर केलं. प्रत्यक्षात एकाच बाईंवर अख्खी शाळा असते. पण निदान तो आकडा तुमच्या तोंडी असला की समोरच्याचा सूर बदलतो.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे, ती मी दोनदा वाचली. त्याने विज्ञानाच्या बाईंना विचारलं, ‘११,५७४ क्युसेकने दिवसभर विसर्ग केला तर किती पाणी जाईल?’ आणि बाई म्हणाल्या, ‘खाली बस, सिलॅबसमध्ये नाही.’ दिवसाचे ८६,४०० सेकंद, टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. उत्तर जवळजवळ बरोबर एक टीएमसी. नऊ वर्षांच्या मुलाने तो आकडा उलटा शोधून काढला होता! ‘हुशार आहे हा भ्रम का’, याचं उत्तर बुद्ध्यंकापेक्षा त्या प्रश्नात जास्त आहे. नवी शाळा निवडताना अशा प्रश्नाला खडू हातात घेणारी एक बाई किंवा एक सर तिथे आहेत का, हे मला शिपायापासून संस्थाचालकांपर्यंत इतर कशाहीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

म्हणून माझा कौल असा : लहान पटाची साधी शाळा आणि तिच्या जोडीला बाहेरून मदत. ऑक्युपेशनल थेरपी (हाताची कामं आणि आवाज-स्पर्श सांभाळायला शिकवणारे उपचार) आठवड्यातून दोनदा, आणि वर्गशिक्षिकेशी महिन्यातून एकदा बोलणारं कुणीतरी. हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल, पण पेठांमधल्या जुन्या अनुदानित मराठी शाळाही बघा. मुलं इंग्रजी माध्यमाकडे गेल्याने तिथल्या काही वर्गांत वीस-पंचवीसचाच पट उरला आहे. शिक्षक मुरलेले, भिंती दगडी, आवाज कमी घुमतो. सिंहगड रोडवरून रोजचा प्रवास आणि चौथीनंतर माध्यम बदलणं या दोन अडचणी आहेतच, त्यामुळे आग्रह करत नाही. पण घरात मराठी बोलणं मात्र कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका. ‘एकच भाषा ठेवा, इंग्रजी ठेवा’ असा सल्ला अजून दिला जातो. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आजीशी बोलणं बंद झालं की काय जातं, ते मात्र घरोघरी दिसतं.

ज्ञानप्रबोधिनीसारख्या प्रज्ञावंतांच्या शाळेचं तुम्ही पत्रात विचारलंय. प्रवेश परीक्षा तो काढू शकेल. पण तिथेही प्रश्न तेच घेऊन जा : गटात काम करायचं म्हटल्यावर हा गप्प झाला तर काय कराल? उत्तर मनासारखं आलं तर उत्तमच. निवासी शाळेला माझा नकार आहे. ज्या मुलाला तहान सांगता येत नाही त्याला रात्री दुखलेलं कोण ओळखणार?

आता शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाच्या शेजारी बसणारी मदतनीस, तिच्याबद्दल. शाळा हल्ली प्रवेशाच्या टेबलावरच ही अट घालतात आणि पगार पालकांच्या माथी मारतात. सुरुवातीचे तीन-चार महिने सोबत माणूस असण्याचा फायदा होतो. पुढे ते माणूस भिंत बनतं. वर्गशिक्षिका मुलाशी बोलायचं ते शॅडोशी बोलते, मुलं त्याच्या शेजारी बसत नाहीत कारण तिथे ताई बसलेली असते. ठेवायचीच असेल तर पहिल्याच दिवशी ती कधी मागच्या बाकावर जाणार आणि कधी वर्गाबाहेर, हे तारखेनिशी लिहून घ्या.

घरी आल्यावरच्या त्या एका तासाबद्दलही बोलायला हवं, कारण शाळा म्हणते ‘आमच्याकडे तर गप्प असतो, म्हणजे घरीच लाड होतात.’ तो दिवसभर आवाज, धक्के, ट्यूबलाइटची गुणगुण, सगळं गिळून बसतो आणि दाराशी चपला काढल्या की ते बाहेर पडतं. हट्ट करणारं मूल मध्येच डोळा उघडून बघतं, आई बघतेय का. हा बघत नाही. त्या वेळी प्रश्न नकोत, समजावणं नको, पडदा ओढा आणि शेजारी गप्प बसा. आणि तारखा लिहा. माझ्याकडच्या एका मुलाचं मंगळवारी आणि शुक्रवारी पोट दुखायचं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली. दोन महिन्यांच्या तारखा मांडल्यावर कळलं की त्या दोन दिवशी त्याच्या वर्गाच्या खालच्या हॉलमध्ये लेझीमचा सराव असायचा. त्याला स्वतःलाही हे जोडता आलेलं नव्हतं. ते दोन तास त्याला वाचनालयात पाठवायला लागले आणि पोट थांबलं. शाळेला खर्च शून्य. तुमच्या मुलाच्या पळण्याचेही वार आणि तास मांडून बघा. शाळा बदलायच्या आधी हे करायचं, नाहीतर तीच लेझीम नव्या शाळेत भेटते.

कागदपत्रांना घाबरता आहात हे पत्रातून कळतं. ‘शिक्का बसेल’ म्हणून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र टाळणारे पालक दहावीच्या वर्षी धावाधाव करतात. ऑटिझमचं प्रमाण आयएसएए या भारतीय मापनावर ठरतं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त आलं की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ३१ व्या कलमानुसार ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. मोफत हा शब्द खासगी शाळेच्या दारात किती टिकतो ते तुम्हाला मी सांगायला नको. पण १६ वं कलम वाचून ठेवा : सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि त्याच्या गरजेनुसार सोय करायची आहे. सध्याच्या शाळेने ‘घेऊन जा’ तोंडी सांगितलंय ना? लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की बहुतेक शाळा बोलणी करायला तयार होतात. नाहीच झाल्या तर दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे. पुढे बोर्डाच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा वेळ, लेखनिक, सीबीएसईत दोनऐवजी एकच भाषा घेण्याची मुभा, हे सगळं त्याच कागदावर मिळतं. कोडिंगमध्ये ७१ असलेल्या मुलाला ती वीस मिनिटं म्हणजे पास-नापासाचा प्रश्न नसतो, त्याला जे येतं ते कागदावर उतरण्याचा असतो.

एनआयओएस, म्हणजे मुक्त शाळा, हा मागचा दरवाजा उघडा आहे एवढं मनात असू द्या. चौदा पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं, पाच वर्षांत नऊ संधी, विषय निवडता येतात. पण ते परीक्षेचं मंडळ आहे, तिथे रोज भेटणारी मुलं नसतात. नवव्या वर्षी तिकडे वळू नका. एक अपवाद : सध्याच्या शाळेत त्याला कुणी मारत असेल, कोंडून ठेवत असेल, तर नवी शाळा मिळेपर्यंत थांबायचं नाही, उद्यापासून घरी.

पाचवीचे प्रवेश म्हणजे आत्ताच हालचाल करायला हवी, दिवाळीनंतर लगेच. तीन शाळा निवडा, प्रत्येकीत मुलाशिवाय एकदा आणि मुलासह एकदा जा. सोबत वीस पानी अहवाल नेऊ नका, कुणी वाचत नाही. एका पानावर लिहा : काय आवडतं, कशाने बिनसतं, बिनसण्याआधी काय दिसतं (कानावर हात, मग पायाने टेबल ठोकणं), आणि मग काय केलं की शांत होतो. निवड झाली की सुट्टीत रिकाम्या शाळेत दोनदा फिरवून आणा, फोटो काढा, जिन्याच्या पायऱ्या मोजू द्या.

मुलासह जाल तेव्हा धरणांची वही त्याच्या हातात असू द्या. मुख्याध्यापकांना नको, ज्या बाई त्याला शिकवणार आहेत त्यांना दाखवू दे. त्या ती हातात घेऊन एखादा आकडा विचारतात, की ‘छान हं’ म्हणून परत देतात, एवढं बघा आणि मला कळवा. फीचा तक्ता आपण नंतर बघू.